डायनिंग टेबलाला पॉलिश कुठलं करायचं आणि घरच्या घरी कसं करायचं

पॉलिश निवडायची वेळ आली की सगळे चमक बघतात, शोरूममधल्या टेबलात आपला चेहरा दिसला म्हणून घरीही तसंच पाहिजे असतं. माझं म्हणणं उलट आहे. आधी हे बघा की रोज त्या टेबलावर काय काय पडणार आहे आणि पडून खराब झालं की ते नीट कोण करणार आहे. ज्या टेबलावर घरची सगळी जेवतात, मुलं अभ्यास करतात, घाईत गरम कुकर टेकवला जातो, आमटी सांडते, त्याचं पॉलिश कधी ना कधी खराब होणारच, मग ते कितीही महागडं असो. म्हणून खरा प्रश्न असा की खराब झालेला तेवढा वीतभर भाग आपला आपल्याला नीट करता येतो का, की त्या एका डागासाठी अख्खं टेबल खरवडून परत पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं.

आता पर्याय बघू. सगळ्यात जुनं म्हणजे लाखेचं पॉलिश, चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चोळत चोळत चढवतात ते. जुन्या वाड्यांतली कपाटं, देव्हारे, पाळणे ह्यांच्यावर जी तांबूस उबदार झाक असते ती बहुतेक ह्याचीच. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर असल्या झाडांवर वाढतो, तो जी राळ सोडतो त्याची ही चपडी. दिसण्यात ह्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि दुरुस्ती तर इतकी सोपी की नवीन हात मारला की खालचा जुना थर थोडा विरघळतो आणि दोन्ही मिळून एकच होतात. पण जेवायच्या टेबलाला हे चालत नाही. साधारण ७० अंशाच्या आसपास लाख मऊ पडायला लागते, म्हणजे गॅसवरून उतरवलेलं कुठलंही पातेलं त्याला पुरे, पाण्याचा पेला रात्रभर राहिला की पांढरं वर्तुळ उमटतं आणि हँड सॅनिटायझर सांडला तर विचारूच नका कारण त्यात अल्कोहोलच असतं. देव्हारा, हॉलमधलं कोपऱ्यातलं टेबल, फोटोफ्रेम, ह्यांना लाख बिनधास्त करा.

मेलामाईन आणि दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे ज्यात बेस आणि हार्डनर वेगळा येतो आणि ऐनवेळी मिसळावा लागतो, हे दोन्ही कडक, पाण्याला आणि उष्णतेला चांगले. कॉम्प्रेसर आणि गन घेऊन येणारा चांगला कारागीर असेल तर पीयूचं काम काचेसारखं सपाट होतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे हे थर एकदा वाळले की परत कशात विरघळत नाहीत, त्यामुळे मधेच ओरखडा पडला तर तेवढ्यावर ठिगळ मारता येत नाही, कडा दिसतातच. दुसरं म्हणजे पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, गनमधून उडालेला त्याचा फवारा फुफ्फुसात गेला तर काही जणांना कायमचा दमा लागतो, आणि साधा कापडी मास्क किंवा एन-९५ त्या वाफेला अडवत नाही. फ्लॅटच्या बेडरूममध्ये दारं लावून पीयू स्प्रे करणारे लोक बघितले की खरंच काळजी वाटते. करून घ्यायचंच असेल तर टेबल कारागिराच्या शेडमध्ये पाठवा, आणि घरीच करणार असेल तर मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना दोन दिवस दुसरीकडे पाठवा. मेलामाईनला फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास असतो, डोळे चुरचुरतात आणि काही वर्षांनी ते पिवळट पण पडतं.

मग येतात नुसती तेलं. अळशीचं तेल, तुंगाचं तेल, ही हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतात, लाकूड अगदी नैसर्गिक दिसतं, हाताला प्लास्टिक लागत नाही. फक्त संरक्षण कमी, हळदीचा डाग आत शिरतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडाला लावू नका, ही तेलं कधीच वाळत नाहीत, त्यावर धूळ बसते आणि खवट वास सुटतो. खायचं अळशीचं तेल पण नको, ते वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं, रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड मागा, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. कोकणात घराच्या वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, वाळवीसाठी ते फारच चांगलं, पण ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, टेबलाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आणि शेवटचं, जे मी घरच्या जेवायच्या टेबलासाठी सांगेन, ते म्हणजे एका डब्यातलं पॉलियुरेथेन व्हार्निश, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कापडाने पुसत पुसत चढवायचं. ह्याला गन लागत नाही, ब्रशच्या रेषा राहत नाहीत, एकेक थर इतका पातळ असतो की ओघळ येत नाहीत, पाणी आणि आमटी दोन्ही वरच थांबतात, आणि दोन वर्षांनी टेबल थकल्यासारखं दिसायला लागलं की हलकं घासून वरून अजून दोन हात मारले की झालं. दोन डब्यांच्या पीयूइतकं कडक नाही, हे खरं. पण हे तुमचं तुम्हाला नीट करता येतं, आणि घरच्या वस्तूला मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. रंगाच्या दुकानात विचारताना एवढंच बघा की डब्यावर सिंगल पॅक लिहिलंय आणि पातळ करायला मिनरल टर्पेंटाइन सांगितलंय. वास अजिबात सहन होत नसेल तर पाण्यावर चालणारं पीयू मिळतं, ते दुधासारखं दिसतं पण वाळल्यावर स्वच्छ होतं आणि पिवळं पडत नाही, त्याच्यासाठी थोडी वेगळी तयारी लागते ती पुढे सांगतो.

टेबल बाल्कनीत किंवा अंगणात राहणार असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. उन्हात घरातलं कुठलंही पारदर्शक पॉलिश एक-दोन वर्षांत पोपडे धरतं, कारण ऊन पॉलिशमधून जाऊन खालचं लाकूडच जाळतं. तिथे बाहेरच्यासाठीचं यूव्ही वालं व्हार्निश घ्या आणि ते दरवर्षी परत मारायची तयारी ठेवा, नाहीतर सागवान असेल तर सरळ काहीच न लावता राखाडी होऊ द्या, सागवानाला त्याने काही होत नाही.

कामाला लागायच्या आधी ऋतू बघा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढू नका, पुण्या-नाशकात पण पावसाची झड लागलेली असेल तर थांबा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, त्यामुळे लाख, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, मेलामाईन पांढरट धुरकट होतात, आणि व्हार्निश वाळतच नाही, दोन दिवस चिकट राहतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, ड्रॉवर अडकतात तेव्हा तुम्ही बघितलंच असेल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेच्या उन्हात करायचं झालं तर पहाटे करा, विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी व्हार्निश कापडावरच चिकट व्हायला लागतं.

लाकूड कुठलं आहे ते पण बघून घ्या. बल्लारशा-आलापल्लीकडचा जुना सागवान असेल तर काम सुखाचं. लागवडीचा कोवळा सागवान असेल तर त्यात पांढुरकी पट्टी असते, बाहेरच्या सालीकडची, तिला किडा लवकर लागतो. टेबलाखाली बारीक भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर आधी भोकांत इंजेक्शनच्या सुईने कीड मारायचं औषध सोडा, भुकटी पडायची थांबली की मगच पॉलिशचं बघा. आणि टेबल भरीव लाकडाचं आहे की प्लायवर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवलेलं आहे हे नक्की करा, कडेला जिथे टेबल कापलेलं असतं तिथे बघितलं की कळतं, वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर भरीव, नाहीतर विनियर. विनियर अर्धा मिलीमीटर पण असेलच असं नाही, त्यावर मशीन चालवलं तर बघता बघता खालचा प्लाय उघडा पडतो, आणि मग त्याला काही इलाज नाही. विनियरला फक्त हाताने, २२० नंबरचा पॉलिश पेपर, तेवढंच.

जुनं टेबल असेल तर त्यावर आधी काय लावलेलं आहे ते ओळखा. टेबलाखालच्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा, एक मिनिट थांबा, चिकट होऊन कापसाला तपकिरी लागलं तर लाख. काहीच झालं नाही तर एनसी थिनर लावून बघा, त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर मेलामाईन, पीयू किंवा जुनं व्हार्निश असणार. लाख स्पिरिट आणि कापडाने पुसून निघते, घासायची गरजच नाही. बाकीचं स्क्रेपरने काढा, स्क्रेपर धारेचा असेल तर पापुद्रे निघतात, भुकटी निघत असेल तर धार गेली. जुनं टेबल ऑइल पेंटने रंगवलेलं असेल तर मात्र कोरडं घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याच्या आधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. तिथे पेंट रिमूव्हर लावून ओलं ओलं खरवडा, खाली जुने पेपर अंथरा आणि ते पेपर गुंडाळून टाकून द्या.

आता घासणं. सगळं काम इथे आहे, पॉलिश लावणं हा त्यातला सोपा भाग. भरीव लाकडाला १२० पासून सुरू करा, खूप ओरखडे असतील तरच ८०, मग १८०, मग २२०, आणि तिथे थांबा. त्याच्या पुढे गुळगुळीत करत गेलात तर व्हार्निशला धरायला जागा राहत नाही. कागद नेहमी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेनेच, आडवा कधीच नाही, कारण आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही आणि पहिला हात मारला की लख्ख वर येतो. नंबर बदलायची घाई होऊ नये म्हणून एक युक्ती करा, सगळ्या टेबलावर पेन्सिलने हलक्या नागमोडी रेघा मारा आणि त्या पूर्ण जाईपर्यंत घासा, गेल्या की पुढचा नंबर, परत रेघा. मग खोलीतले दिवे घालवा आणि मोबाईलचा टॉर्च टेबलाला अगदी टेकवून आडवा धरा, एकही खड्डा, एकही ओरखडा लपत नाही. चिरा असतील तर बाजारची लांबी भरण्यापेक्षा त्याच टेबलाचा २२० चा भुसा घ्या आणि तो थोड्या फेविकॉलमध्ये कालवून फक्त चिरेतच दाबा, आजूबाजूला फेविकॉल राहिला तर तिथे नंतर फिका डाग दिसतो.

सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, घासताना एन-९५ घाला, धुळीसाठी तो पुरतो. व्हार्निश लावताना मात्र खिडक्या उघड्या पाहिजेत.

स्टीलच्या तारेचा चोथा लाकडावर वापरू नका, त्याचे बारीक तुकडे रेषांमध्ये अडकतात आणि थोडी ओल मिळाली की लाकडातल्या टॅनिनशी मिळून निळे-काळे ठिपके उमटतात. बाभळीत तर हमखास. जुन्या टेबलावर असे काळे डाग आधीच असतील, खिळ्याच्या भोवती किंवा लोखंडी कुंडी ठेवलेली असेल तिथे, तर ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, थोड्या वेळाने डाग फिका पडत जातो. हे विषारी असतं, हातमोजे घाला, नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्या आणि वाळलेलं ॲसिड घासताना त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका.

घासून झालं की धूळ ब्रशने झटका, व्हॅक्यूम असेल तर उत्तम, मग सागवान असेल तर एक पायरी जास्त आहे जी बरेच जण सोडतात. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळेच तो पाण्यात टिकतो, पण त्याच तेलामुळे व्हार्निश धरत नाही किंवा वाळत नाही. स्वच्छ पांढरं सुती कापड एनसी थिनरमध्ये ओलं करून टेबल पुसा, कापडाला पिवळा-तपकिरी रंग लागेल, कापड बदलत पुसत राहा, रंग लागायचा कमी झाला की थांबा. आणि मग दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, तेल आतून परत वर येतं, थिनर उडून गेला की त्याच तासाभरात पहिला हात मारा. पाण्यावरचं पीयू घेतलं असेल तर ह्याच्या आधी ओल्या कापडाने टेबल पुसून वाळू द्या आणि उभे राहिलेले तंतू २२० ने हलकेच काढा, नाहीतर पहिल्याच हाताला टेबल खरखरीत होतं.

लावायचं कसं ते सांगतो. व्हार्निश आणि मिनरल टर्पेंटाइन निम्मं निम्मं, एका काचेच्या बरणीत. सहा जणांच्या टेबलाला अर्धा लिटर व्हार्निश सगळ्या हातांना मिळून पुरतं. डबा हलवू नका, काडीने सावकाश ढवळा, हलवलं की बुडबुडे येतात आणि ते टेबलावर तसेच वाळतात. मॅट किंवा सॅटिन घेतलं असेल तर तळाशी बसलेली पांढरी पावडर वर येईपर्यंत ढवळायला लागतं, तीच चमक कमी करते. खालचे सगळे हात ग्लॉसीचे आणि फक्त शेवटचा सॅटिनचा केला तर लाकडाच्या रेषा जास्त स्वच्छ दिसतात, जमलं तर असंच करा.

जुना धुतलेला सुती टीशर्ट किंवा मलमल घ्या, बाहेर मलमल आणि आत कापूस असा लिंबाएवढा बोळा करा, बुडवून पिळा, ओलसर राहिला पाहिजे, गळता नको. टेबलाच्या खालच्या बाजूपासून सुरू करा. खाली कोण बघतंय असं वाटतं, पण वरून सहा थर आणि खाली कोरडं लाकूड असेल तर पावसाळ्यात खालची बाजू ओल पिते, फुगते, वरची तशीच राहते आणि फळी वाकते, आंब्याच्या आणि बाभळीच्या टेबलात हे जास्त होतं. खाली दोन हात पुरेत. मग वर, रेषांच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीत, शेजारची ओढ थोडी आधीच्यावर चढवत. पुढे गेल्यावर मागे वळून बघू नका, एखादी जागा सुटली तर सुटू द्या, ती पुढच्या हातात भरते, अर्धवट वाळलेल्यावर परत बोळा फिरवला की तिथे ओढ उमटते. फळ्यांची कापलेली टोकं जास्त पितात, तिथे प्रत्येक वेळी दोनदा.

दुसऱ्या दिवशी नखाने हळूच दाबून बघा, ठसा उमटत नसेल तर पुढचा हात. दर दोन हातांनंतर ३२० च्या कागदाने अगदी अलगद घासा, पांढरी पूड सुटली म्हणजे वाळलंय, कागदाला गोळे चिकटले म्हणजे अजून एक दिवस थांबा. टर्पेंटाइनच्या ओलसर कापडाने पूड पुसा आणि पुढे चला. पुसून लावलेले तीन हात म्हणजे साधारण ब्रशचा एक, त्यामुळे जेवायच्या टेबलाच्या वरच्या फळीला सहा तरी पाहिजेत, पायांना तीन चालतात. शेवटच्या दोन हातांच्या वेळी पंखा बंद, केर काढून तासभर गेलेला, आणि बोळा नवा.

आता जे वाचलंच पाहिजे ते. अळशीच्या तेलाची किंवा ह्या व्हार्निशची वापरलेली कापडं चुरगाळून डब्यात, पिशवीत, कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या कापडात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि काही तासांनी कापड आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपलं की कापडं बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा, आणि कडक वाळल्यावरच कचऱ्यात टाका. रात्री कितीही दमला असाल तरी हे सोडू नका.

शेवटचा हात झाल्यावर दोन-तीन दिवसांनी टेबल हाताला कोरडं लागेल पण आतून ते अजून मऊ असतं. पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोपर्यंत त्यावर प्लास्टिकचा कव्हर अजिबात टाकू नका, चिकटून कव्हरची नक्षी उमटते, गरम भांडं नको, ओलं फडकं पण कमीच. एकदा पक्कं झालं की अन्न त्यावर सांडलं तरी काळजी नाही. पोळपाटाला मात्र ह्यातलं काहीही लावू नका, तो नुसताच बरा.

नंतर रोजचं पुसणं साध्या ओलसर फडक्याने, तेलकट असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब. ते चकचकीत करणारे स्प्रे मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत सिलिकॉन असतं, ते लाकडाच्या बारीक छिद्रांत बसतं आणि पुढच्या वेळी व्हार्निश लावलं की गोल गोल खड्डे पडून ते बाजूला सरकतं, त्यामुळे ते घरात आणूच नका. हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका, साबणाने पुसून टेबल दोन-तीन दिवस खिडकीतल्या उन्हाच्या तिरीपेत सरकवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पांढरं वर्तुळ आलं तर हेअर ड्रायर मंद ठेवून फिरवा, बऱ्याचदा अडकलेली ओल निघून जाते.

आणि जिथे बसून रोज जेवता तिथे कोपराने घासून चमक गेली की तेवढाच भाग साबणपाण्याने पुसा, वाळू द्या, ३२० ने हलकं घासा, निम्म्या निम्म्याचं मिश्रण परत करा आणि बोळ्याने दोन हात मारा, कडा बोळा उचलत उचलत विरळ करत न्या. उरलेलं व्हार्निश छोट्या बरणीत काठोकाठ भरून ठेवलं तर वर साय धरत नाही, हवेला जागाच राहत नाही. बरणीवर तारीख लिहून ठेवा, आणि गाठी झालेलं किंवा घट्ट झालेलं निघालं तर पातळ करून वापरायचा प्रयत्न करू नका, नवीन आणा.